कॅमेऱ्याला न कळलेला दादा

मंगळवार पेठेतल्या पार्किंगच्या फाटकावर नवा कॅमेरा बसलाय. तो गाडीचा नंबर वाचून पैसे कापतो आणि आडवा दांडा उचलतो. पूर्वी पावत्या फाडणारी सरुबाई आता नुसती शेजारी बसते. आज पृथ्वीराजच्या जीपपुढं दांडा हललाच नाही. मागं स्कूटीवर अक्षता मुलाखतीला उशीर होतोय म्हणून चुळबुळत होती.

“मावशी, उघडा की!” पृथ्वीराज म्हणाला.

“नंबर कळंना म्हणतंय.”

“एक्केचाळीस एक्केचाळीस हाय. ‘दादा’ असं पाटीवर लिवलंय.”

“मला कळतंय. त्याला कळाय नगो?”

“मला वळखत न्हाईसा?”

“वळखतो की. म्हणून तर कवा पावती फाडली न्हाय. पर ह्याला कोण सांगणार?”

“ओ दादा, ही लिपस्टिक घ्या आणि नंबर लिहा!” अक्षता ओरडली.

सरुबाईनं जुन्या पावतीबुकाचा पुठ्ठा दिला. पृथ्वीराजनं त्यावर गुलाबी रंगात अख्खा नंबर काढला आणि पुठ्ठा छातीशी धरून जीपपुढं उकिडवा बसला. दांडा वर गेला. पुठ्ठा सरुबाईकडं टाकून तो लिपस्टिकसकट जीपमध्ये चढला आणि जीप सुसाट गेली.

“अहो, माझी लिपस्टिक!”

“ऱ्हाऊ दे त्यास्नी, पोरी. पन्हाळ्याला निघाल्यात. तिथंबी असलंच मशीन हाय.”