शेवटच्या नळाचं पाणी

मंडळी, एकच प्रश्न — सगळ्यांना सारखं दिलं, म्हणजे न्याय झाला का? लगेच माना डोलवू नका! मृदंगवाले, तुम्हीसुद्धा थांबा. आधी भिवराबाईचं ऐका.

एक गाव. वर पाटीलआळी, खाली ओढ्याकाठी वस्ती. वस्तीतला अगदी शेवटचा नळ भिवराबाईचा. गावाचा नियम काय? सकाळी सात ते आठ पाणी! वरही तास, खालीही तास. चोख की नाही? पण वरच्यांनी नळाला मोटरी लावल्या होत्या! मग भिवराबाईच्या नळाला काय यायचं? चार थेंब, बाकी हवा! फुस्स!

तिची नात सरू — दहावीतली पोर — रोज लांबच्या विहिरीवर जायची. शाळा बुडायची. मास्तरांनी सांगून टाकलं, "आणखी खाडे झाले, तर परीक्षेला बसता येणार नाही."

त्यातच कॉलेजातून वृषाली नावाची मुलगी आली. संशोधन करायला! दोन महिने नळानळापाशी उभी राहून हंडे मोजले. लोक हसले — पाण्यावर कुणी पुस्तक लिहितं का! ग्रामसभेत ती उठली. म्हणाली, "तास सारखा आहे, पाणी सारखं नाही. वर चाळीस हंडे भरतात, शेवटच्या नळाला दोन. आधी खाली सोडा, तोवर वरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. मग वर सोडा. सगळ्यांना पुरतं."

सरपंच म्हणाले, "वा! फाईलला लावू." टाळ्या झाल्या, चहा झाला, सभा संपली!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडणारा गेनू चावी घेऊन टाकीपाशी येतो, तर काय? वरच्या आळीच्या व्हॉल्व्हच्या झाकणावर भिवराबाई! मांडी घालून! शेजारी रिकामा हंडा!

"मावशे, ऊठ. वरची आळी खोळंबलीय."

"खोळंबू दे. आमी बारा वर्सं खोळंबलोय."

सरपंच, तेही वरच्याच आळीचे, धावत आले. "भिवराबाई, नियम सगळ्यांना सारखा आहे!"

"व्हय ना? मग आजपास्नं तुमी माझा नळ घ्या, मी तुमचा घेते. तास त्योच! चालंल?"

चालेल का, मंडळी? सरपंच दोन पावलं मागं सरकले! आणि तुम्ही का हो माना खाली घातल्या?

गेनूनं एकदा सरपंचांकडे पाहिलं, एकदा त्या हंड्याकडे. आणि खालची चावी फिरवली! सरू प्रार्थनेच्या घंटेला शाळेत हजर! वरच्या आळीलाही पाणी आलं, तासाभरानं. कुणी तहानेनं मेलं नाही. दाढ्या तेवढ्या उशिरा झाल्या!

हसा, हसा! आता तुमच्याकडे वळतो. कीर्तनानंतर इथं पंगत बसते. पहिली बुंदी कुणाच्या पानात? पुढच्या सतरंजीवाल्यांच्या! आणि मांडवाबाहेर चपलांपाशी बसतात, त्यांच्यापर्यंत काय पोचतं? आमटीचं पाणी! दरवर्षी बघतो मी. बघून जेवतो, ही माझी लाज.

आज वाढप चपलांपासून सुरू होईल. माझं पान सगळ्यात शेवटी. ज्याला पटत नसेल, त्यानं आत्ता उभं राहून सांगावं!

कुणी नाही? मग करा नामाचा गजर — आणि बुंदीची परात उचला, आधी तिकडं न्या!