टोपीवरची काडी

समजा मुलांनो, तुम्ही दातांच्या दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसला आहात आणि शेजारी एक नात आजोबांशी बोलते आहे.

"आजोबा, उद्या शाळेत मानवी मनोरा आहे. सगळ्यात वर मी. बाई म्हणाल्या, तू आमची एपेक्स! म्हणजे काय हो?"

"शिखर. जुन्या रोममध्ये पुजाऱ्याच्या टोपीवर एक काडी असायची, तिचं हे नाव."

"म्हणजे मी काडी?"

"मानाची काडी!"

"आणि टोपी पडली तर?"

"एकाची पडली म्हणतात. बिचाऱ्याचं पद गेलं."

"आजोबा! मी आधीच घाबरलेय, आणि तुम्ही हे सांगताय?"

"अगं, त्यात काडीची काय चूक? खालचं डोकं हललं असणार."

मुलीने तडक आजोबांचा फोन घेतला आणि मैत्रिणीला लावला.

"ठमे, उद्या तू सगळ्यात खाली आहेस ना? पोटभर जेवून ये. आणि शिंकलीस तर बघ!"