‘उल्लंघन’ या शब्दाविषयी थोडेसे

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील न्यायाधीश मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कोशवाले, पुढच्या रांगेतल्या वहिनी आणि चहाची वाट पाहत असूनही शांत बसलेले माझे सहकारी हो,

न्यायालयाच्या अनुवाद विभागात बावीस वर्षं मी कोशवाल्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. आधीच्या वक्त्यांनी त्यांना ज्ञानाचा सागर म्हटलं. म्हणा. सागराच्या काठी राहणाऱ्याच्या घरात ओल किती येते, हे कुणी विचारतं का?

नव्या नियमपुस्तिकेसाठी नियम मोडण्याला एकच शब्द ठरवायचा होता. मी तीन महिने खपून अकरा पानांचं टिपण केलं, ‘भंग’ सुचवला. बैठकीत आम्ही तिघंच: तेव्हाचे विभागप्रमुख साहेब, हे आणि मी. साहेबांनी सहज ह्यांना विचारलं. हे बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, “भंग म्हणजे मोडणं. नियम कुठे मोडतो? तो जागेवरच उभा असतो, माणूस त्याच्यावरून उडी मारून जातो. उद् म्हणजे वर, लंघ् म्हणजे उडी मारणं. ‘उल्लंघन’ लिहा.”

बिस्किटसुद्धा चहात पडलं नाही.

“आणि माझी अकरा पानं?” मी विचारलं.

“पाठकोरी आहेत ना?” साहेब म्हणाले. “ठेवा, कामाला येतील.”

आठवड्याभरात वर एक निनावी तक्रार गेली. कोशवाले दर शनिवारी कार्यालयाचा कोश पिशवीत घालून घरी नेतात. नेत होतेच; सोमवारी आणतही होते. पण ग्रंथ बाहेर न्यायचे नाहीत, असा नियम आहे. चौकशी बसली, ह्यांची विभागप्रमुखाची बढती दीड वर्ष लांबली. वहिनी, तेव्हा तुम्ही मला विचारायचात, “भावजी, ह्यांच्या वाइटावर कोण असेल हो?” मी म्हणायचो, “काळच वाईट आलाय.”

ती तक्रार मी केली होती.

परवा दप्तर सोपवताना ह्यांनी एक लिफाफा माझ्या हातात ठेवला. आत चौकशीत ह्यांना मिळालेली तक्रारीची प्रत. ‘नियमाचे उल्लंघन’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. पुस्तिका तेव्हा छापलेलीच नव्हती. ‘उल्लंघन’ ठरल्याचं बैठकीतल्या आम्हा तिघांनाच ठाऊक; बाकी कार्यालय अजून ‘भंग’च लिहीत होतं. साहेब कशाला निनावी लिहितील? उरलो मी. समासात ह्यांचा शेरा: “वापर अचूक.” बावीस वर्षांत माझ्या लिखाणावर ह्यांनी दिलेला एकमेव चांगला शेरा.

“कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.”

बघा, गप्प बसण्यातही माझ्यापेक्षा सरस. हे मात्र मला सहन होईना.

अध्यक्ष महोदया, ह्यांच्या जागी माझ्या नेमणुकीचा आदेश आपल्या टेबलावर सहीसाठी पडून आहे, हे ठाऊक असूनच बोललो. पुढचं आपण ठरवा. आयोजकांनी पाच मिनिटं दिली, त्यांचा आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, ते सभागृहानं पोटात घालावं. झाल्या गोष्टीची माफी मी वहिनींकडे मागतो. कोशवाल्यांनी केव्हाच माफ केलं असणार, आणि त्याचाही मला राग येतो आहे.