निम्म्याच्या वर

अंगठा नीट उठला बघा — आता बोट ह्या चिंधीला पुसा, ईरम्मक्का, पदराला नको. उपासाच्या तुम्ही, त्यात बाळीवेशीपासनं चालत आलात, पाणी सांगू? नको? बरं. झालं, सुटलात. मल्लापूरच्या सोन्याच्या खाणीचे चाळीस शेअर आता माझे, हे ऐंशी रुपये तुमचे. पाटल्या मोडून चारशे घातले होते, व्हय, ठाऊक आहे — मीच की विकले होते तुम्हाला! पण बंद खाणीच्या कागदाला दोन-दोन रुपये तरी कोण देतं? मी देतो. का देतो? आता अंगठा झालाय म्हणून सांगतो, तुम्ही काय घरच्याच —

ह्या पाटीवर बघा, तीन खड्डे काढतो. रायचूरच्या अंगाला, एकाला एक लागून, तीन बारक्या कंपन्या. एकीकडं यंत्र आहे, तर पाणी उपसायला पैसा नाही; दुसरीकडं नुसतं विहिरीएवढं भोक; मधली आपली. सोन्याची शीर जाते तिन्हींच्या पोटाखालनं — म्हणून एकेकटीला कुणालाच पुरत नाही. आता सोनं तोळ्याला बावीसचं चौतीस झालं, तसा मद्रासचा एक साहेब जागा झाला. तिन्ही एकदम पाहिजेत त्याला. दोन घेतल्या. आपली घ्यायची तर निम्म्याच्या वर शेअर एका हातात पाहिजेत. साहेब काय दारोदार फिरतोय? फिरायचं आम्ही. तानाबाईचे घेतले, बडेसाबचे घेतले, चार महिने पायताण झिजवलं — आणि निम्म्याला कमी पडले किती? एकतीस शेअर! तुमचे आले नसते तर बाकीची सगळी रद्दीच की. एकाला पंधरा देतोय साहेब. पंधरा! तुमचे चारशे सुटून वर लेकीच्या, गंगम्माच्या लग्नाला — जाऊ द्या.

कोण माणसं? दरड पडून मेलेली? — हां, ती. अक्का, कोण मेलं नाही. वर्षभर पाऊल टाकलंय का कुणी त्या खाणीत, मरायला? पण तुम्ही कागद ठेवलेला देवघरात, पिंडीजवळ; काही केल्या सोडेनात. मग म्हटलं, सोळावा सोमवार तोंडावर आलाय, मेलेल्या माणसांचा कागद देवाजवळ असला तर उद्यापन फळत नाही असं सांगावं. दुसऱ्या दिवशी दारात हजर! दुसरी कुणी असती तर चार ठिकाणी चौकशी केली असती. तुम्ही डोक्यावरनं आंघोळ करून आलात.

रडू नका हितं, गिऱ्हाईक येतंय. मालकांना सांगणार? सांगा की — पाटल्या कुटं गेल्या, तेही सांगावं लागेल मग. सिद्धेश्वराला सांगता? त्याला सांगा, तो शेअर घेत नाही.

कागद परत कसा देऊ? लहान आहात काय? — हात काढा, अक्का. पेटीचं झाकण लावतोय. काढा म्हणतो ना —