आईचे तपकिरी मोजे

मार्लिस: छपरावरचा बर्फ खरवडतोयस की केकवर साय फासतोयस रे? जरा जोर लाव! अंधार पडायच्या आत आटप, वाफेच्या अंघोळीला सौना तापत ठेवलीय मी.

रॉय: मग तू चढ वर आणि लाव जोर. आणि शिडी धर नीट. शिडीपेक्षा शेजाऱ्यांच्या खिडकीकडेच लक्ष तुझं.

मार्लिस: ते बघतायत म्हणून मी बघते. त्यांच्या छपराला बर्फाचा एक सुळा लटकत नाही. आणि आपल्याकडे? राक्षसाचा जबडा नुसता.

रॉय: सगळीकडे कुठेय? तिथंच तर गोम आहे. तुझ्या खोलीवरचा बर्फ भुसभुशीत, स्वयंपाकघरावरचाही. वळचणीला बर्फाचा बांध धरलाय तो फक्त या कोपऱ्यात. आईच्या खोलीवर.

मार्लिस: सरोवरावरचं वारं तिकडूनच येतं.

रॉय: वाऱ्यानं बर्फ साचतो, वितळत नाही. हा खालून वितळतोय. पाणी ओघळत वळचणीला येतं आणि तिथं परत गोठतं. मग मागून येणारं पाणी जाणार कुठं?

मार्लिस: आईच्या पलंगावर. मला नको शिकवूस. बाबांबरोबर छपरावर मी चढायचे, तू आत कोको ढोसत बसायचास.

रॉय: म्हणून तर विचारतो. आईच्या खोलीतला हीटर चालू आहे?

मार्लिस: थोडासा.

रॉय: थोडासा म्हणजे?

मार्लिस: गादी गार पडू नये इतका. मोडलेलं कंबरेचं हाड घेऊन येणार ती, तिला काय बर्फात निजवू?

रॉय: आणि माळ्याचं झाकण? ते तिच्या कपाटातच आहे ना, वरच्या बाजूला?

मार्लिस: तिला शुश्रूषागृहात न्यायचं होतं, तेव्हा माळ्यावरून तिची बॅग काढायला उघडलं होतं. बसलं नसेल नीट.

रॉय: धन्य आहेस! सगळा हिवाळा आभाळाला शेक देतेयस तू.

मार्लिस: आणि तू रे? दर रविवारी फुलं घेऊन तिच्याकडे जातोस आणि सांगतोस, बर्फ सरला की घरी नेतो तुला. ते कोण सांगतं? मी?

रॉय: ती विचारते गं. काय सांगू? ... कुऱ्हाड दे इकडे.

मार्लिस: कुऱ्हाडीला हात लावायचा नाही! मागच्या खेपेला बर्फ तिथंच राहिला, छपराच्या पट्ट्या तेवढ्या उडवल्यास. मीठ आणलंय मी, बर्फ वितळवायचं. लांब मोज्यात भरायचं आणि तो मोजा बांधावर उभा टाकायचा, टोक वळचणीबाहेर. सकाळपर्यंत पाण्याला वाट होते.

रॉय: दे मोजे.

मार्लिस: नायलॉनचे लागतात. मी लोकरीचे घालते.

रॉय: आईचा खण भरलाय की.

मार्लिस: ते नाही.

रॉय: अगं, तिच्या पलंगावर पाणी ठिबकतंय!

मार्लिस: पातेलं ठेवलंय. तिचे मोजे नाही म्हटलं ना? चर्चला काय घालून जाईल ती?

रॉय: मार्लिस, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस.

मार्लिस: मला काही बोलायला लावू नकोस, शिडी धरलीय मी.

(मार्लिसच्या कोटाच्या खिशात फोन वाजतो.)

मार्लिस: आईचा आहे. तू घे.

रॉय: मी शिडीवर आहे.

मार्लिस: बरा सापडलास शिडीवर! स्पीकरवर टाकते, ऐक तूही. ... हं, आई! जेवलीस का?

आई: जेवले. वाटाण्याचं सूप होतं, वाटाणा शोधावा लागला. तुला धाप का लागलीय?

मार्लिस: कुठं काय? रॉय आलाय. जरा छपराचं बघतोय.

आई: बांध धरला?

रॉय: छोटासा, आई!

आई: एवढ्या वरून ओरडतोय म्हणजे छोटासा नाही. कुठल्या कोपऱ्यात? माझ्या खोलीवर?

मार्लिस: हो.

आई: मग मीठ टाका की.

रॉय: मोजे देत नाही ही!

आई: का गं? माझा खण उघड. तपकिरी आधी घे, तुझ्या आत्यानं दिलेले. मला कधी आवडलेच नाहीत ते. आणि तोंडाला दोन गाठी मार. तुझे बाबा एकच मारायचे, ती सुटली आणि त्या मिठानं माझे गुलाब जळले.

मार्लिस: आई, पण ते तुझे चर्चचे...

आई: इथे मला जाड मोजे देतात, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. ऊबदार आहेत. हीटर चालू ठेवलायस ना माझ्या खोलीत?

मार्लिस: ... हो.

आई: वाटलंच मला. बंद कर तो. माळ्याचं झाकण दाबून बसव. गादी वाळली की रॉयच्या लेकीला दे, तिची पाठ दुखते. मी आता घरी यायची नाही गं. रॉय, ऐकलंस ना?

रॉय: ऐकलं, आई.

आई: मग झालं. मार्लिस, फोन ठेव आता, आणि शिडी दोन्ही हातांनी धर.