सनरूफची काच आणि अण्णांची काठी

सनरूफची काच कशी फुटली विचारताय ना? ऐका. आमच्या अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली. मेंढरं विकून वर्ष झालं, पण काठी काही हातातनं सुटत नाही. गाडीत ती मावेना, म्हणून त्यांनी उघड्या सनरूफमधून वर काढली. मी सवयीनं बटण दाबलं आणि काठीवर आदळून काच तडकली.

भवानी पेठेतल्या मिस्त्रीनं नवी काच बसवली. अण्णा म्हणाले, "काठी आता घरीच ठिवतो. राखायला हाय तरी काय?"

मंगळवेढ्याच्या वाटेवर ते मान मागं टाकून काचेतून पांढरे ढग बघत राहिले. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "जरा दमानं घे की. एक कोकरू मागं राहिलंय."