पाचव्या प्रकरणातला उंबरा

चाव, चाव अजून — पण उजव्या हाताला नको गं बाई, त्या हाताने मी लिहिते. डावा घे. अगं सोड! आलं बघ रक्त... असू दे, मी ओरडणार नाही. बाहेर ऐकू गेलं तर त्या दोघी पिठाचे हात घेऊन परत आत येतील आणि परत तुझ्या डोक्यावर तो सुनेचा पांढरा रुमाल बांधायला बघतील. मगाशी आम्ही तिघी आणि तू एकटी, तरी बांधू दिला नाहीस. माझ्या जावेचा ओठ फोडलास, माझ्या लेकाचं तोंड ओरबाडलंस. मीच म्हटलं त्यांना — जरा मला एकटीला सोडा तिच्याजवळ, पोरगी माझी वाचक आहे, ऐकेल माझं. आहेसच ना वाचक? बेगिमाय ना तू? सप्टेंबरात वाचनालयात आली होतीस, निळा कोट घालून, पुस्तकावर सही घेतलीस — थोरल्या बहिणीला म्हणावं तसं झूरा एजे म्हणालीस, तुमच्या गोष्टी वाचून रात्रभर रडते म्हणालीस. मग रड ना आता. अशी बघू नकोस माझ्याकडे.

हो, आदिलेत माझाच मुलगा. तुला कॉलेजच्या फाटकातून गाडीत कोंबून आणलं तो. काय? — तू तीनला सुटतेस हे त्याला कसं कळलं? मला काय माहीत बाई, पोरं काढतात माहिती इकडून तिकडून. वाईट नाही तो. गाडीत काय बोलला तुला? मी सांगते काय बोलला — "तुझ्या ओठांवर 'नाही' आहे, पण डोळ्यांत 'हो' आहे." बोलला ना? ते माझं आहे. तिसरं प्रकरण. माझी बोटं वाकत नाहीत ना, म्हणून माझं सगळं टाईप तोच करून देतो, गेली आठ वर्षं. प्रेम कसं करतात ते तो माझ्याच वह्यांमधून शिकला, दुसरं कुठे शिकणार? घरात बापाकडून?

एकतीस पुस्तकं झाली माझी. इथेच, कणीक मळायच्या फळीवर, शाळेच्या वहीत, चुलीवर काहीतरी रटरटत असताना. तुम्हाला वाटत असेल ही बाई खिडकीत बसते, डोंगर बघते, उसासे सोडते — छे गं! ठरलेलं असतं सगळं. पहिल्या प्रकरणात पोरगी हसते. तिसऱ्यात गाडी. पाचव्यात उंबरा — म्हातारी दारात आडवी पडते, तिला ओलांडलं तर शाप, म्हणून पोरगी रडत रडत माघारी वळते. सातव्यात ती आपणहून चहा करते आणि कप देताना त्याच्याकडे बघते. बास. बायका तिथे रडतात. मला पत्रं येतात, फोन येतात — एजे, माझंही अस्संच झालं होतं, शेवट गोड करा हं. अस्संच! अगं, त्यांचं कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही? पण वीस वर्षं ज्याच्या शेजारी निजायचं, त्याच्याबद्दल कुणीतरी सांगावं लागतं ना, की ते प्रेम होतं म्हणून. ते मी सांगत होते. त्यांना सांगत होते, आणि... जाऊ दे.

ही बोटं बघ. ही दोन. आदिलेतच्या बापाने दाराच्या फटीत घालून दार लावलं. कशासाठी? — मी माहेरी पत्र लिहिलं होतं. पुस्तकात काय लिहिलं मी? "त्याने तिचा हात असा धरला की तिला सोडवावासाच वाटेना." हसतेस? मीही हसले होते लिहिताना. हा दात पडला तिथे "तिचे ओठ थरथरले." बीटाच्या शेतातून उचललं मला, एकोणीस वर्षांची, हातात बीट कापायचा सुरा होता गं माझ्या, आणि मी घाबरून तो टाकला — टाकला! अजून स्वप्नात तो सुरा शोधते मी. तीन दिवस या खोलीत. याच. चौथ्या दिवशी चहा केला, कारण चौथ्या दिवशी उभं राहता आलं. तेच माझं सातवं प्रकरण. एकतीस वेळा लिहिलं.

मीच सांगितलं त्याला. ऐकलंस? मीच. जेवताना बोलून गेले — काय गोड पोरगी आली होती, नर्सिंग कॉलेजची, तीनला सुटते म्हणाली, अशी सून हवी बाई मला. भात वाढत होते. त्याने मान वर करून बघितलं, आणि मला कळलं. कळलं होतं गं मला, खोटं कशाला बोलू! आणि मी आणखी भात वाढला. थांब, आत्ता नको मारूस, नंतर मार, वेळ नाही. तुझ्या आईबापांची माफी मागायला आमची माणसं गेलीत. ती त्यांचा होकार घेऊन आली की मग तुझ्या बाजूने कोणी उरत नाही. माझाही बाप असाच हो म्हणाला होता.

नीट ऐक. बाहेर मेंढरू आणलंय. कापायच्या आधी सगळे हात वर करून दुवा मागतील, सगळ्यांची तोंडं तिकडे असतील. माझी सासू गेली, आता उंबरा माझ्याकडे आलाय — मी आडवी पडले की त्या दोघींना वाटेल काम झालं, पोरगी आता जागची हलत नाही. मग त्याही उठतील, आणि दाराशी बसवलेला त्याचा मित्रही जाईल मेंढराकडे. डावीकडे वळ. सफरचंदाची झाडं, मग कालवा, मग मोठा रस्ता. बूट हातात घे. शाप? अगं, एकोणीस पुस्तकांत, नायिकेला धाक म्हणून, म्हातारीला ओलांडणारी दुसरी एखादी पोरगी मीच मारलीय. कुणाला वांझ केलं, कुणाला आंधळं, एकीला तर ट्रकखाली घातलं. आणि रायकान, माझ्यासोबत बीट कापायची, तिलाही असंच उचललं होतं, ती खरोखर ओलांडून गेली. काय झालं तिला? दोन नातू आहेत, चष्मा लागलाय. माझं पुस्तक कधी विकत घेतलं नाही तिने.

माझं काय होईल ते मला माहीत आहे. आदिलेतचा बाप आज कुऱ्हाड हातात घेऊनच उभा आहे, आणि लेकही या वेळी माझ्या बाजूने नसेल. नसू दे. तुझ्या पिशवीतलं ते पुस्तक इथेच टाक, माझी सही आहे त्यावर, सापडायला नको तुझ्याकडे. हं, झाले हात वर. मी पडते... उठल्या बघ त्या दोघी, तो मित्रही गेला. अगं, आता कशाला रडतेस, मला हात कसला लावतेस, मी तुझी कोणी नाही! पाय उचल. वर, अजून वर — ओलांड मला. ओलांड!